लाल तेलाचे दोन डबे : एका ऑटोमॅटिक पिकअपच्या गिअरबॉक्सचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातले हे बागायतदार. द्राक्षबाग, आणि त्यातली बरीचशी द्राक्षं बेदाण्याला. ओळख कळू नये म्हणून त्यांना इथे आबा म्हणतो. त्यांच्याकडे २०२२ साली घेतलेली टोयोटा हायलक्स आहे. डबल केबिन, २.८ लिटरचं डिझेल इंजिन, सहा गिअरची ऑटोमॅटिक पेटी. वीकएंडला फिरवायला म्हणून त्यांनी ती घेतली नव्हती. बागेतून शेडवर, शेडवरून कोल्ड स्टोरेजला, सौद्याच्या दिवशी तासगावला आणि महिन्यातून तीन-चार वेळा वाशीच्या बाजाराला, असा तिचा राबता. माझ्याकडे आली तेव्हा मीटरवर १,१२,००० किलोमीटर होते. कंपनीची वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, यातलं जे आधी होईल तेवढी. किलोमीटर ओलांडल्यामुळे ती संपली होती आणि वाढीव वॉरंटी आबांनी घेतली नव्हती.

आमच्या भागात पिकअप म्हणजे मॅन्युअल गिअरची मालवाहू गाडी. ऑटोमॅटिक पेटीची पिकअप तालुक्यात हाताच्या बोटांवर मोजावी इतकी. त्यामुळे तिची पेटी कधी उघडून बघितलेला मिस्त्रीही जवळपास नसतो. माझं वर्कशॉप कोल्हापूरजवळ आहे आणि काम बहुतेक ऑटोमॅटिक पेट्यांचंच. फॉर्च्युनर आणि हायलक्स यांच्या पेट्या एकाच घराण्यातल्या, म्हणून हायलक्स माझ्यासाठी अगदी परकी नव्हती.

तक्रार

एप्रिलचा तिसरा आठवडा. आबा आले ते गाडी घेऊन आणि आधीच्या दोन बिलांसह. एक बिल व्हील बॅलन्सिंग-अलाइनमेंटचं, दुसरं इंजिनच्या माउंटिंगचं. "साठ-पासष्टला गाडी थरथरतीय. खडबडीत पट्ट्यांवरनं गेल्यासारखं होतंय, दोन-तीन सेकंद, आणि मग जातंय. चाकं बघितली, माउंटिंग बदललं, तरी हाय तसंच."

मी त्यांच्या शेजारी बसून सांगली रस्त्याला फेरी मारली. पासष्टच्या आसपास, हलक्या पायाने ॲक्सिलरेटर धरला आणि थोडा चढ लागला की थरथर येत होती. पाय जोरात दाबला की नाहीशी व्हायची. चाकाचा दोष असता तर पाय कसाही असो, त्या वेगाला थरथर राहिली असती. मी आबांना म्हटलं, "थरथर सुरू असतानाच डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, दिवा लागण्यापुरता." त्यांनी केला आणि थरथर त्याच क्षणी थांबली.

ही जुनी खूण आहे. ऑटोमॅटिक पेटीत इंजिन आणि गिअर यांच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात तेलाच्या प्रवाहातून ताकद पुढे जाते. पण तेवढ्यावर सोडलं तर घसरणीत डिझेल वाया जातं, म्हणून ठरावीक वेगानंतर आत एक क्लच लागतो आणि दोन्ही बाजू जवळजवळ जखडल्या जातात. याला लॉकअप म्हणतात. ब्रेकचा दिवा लागला की संगणक तो क्लच सोडतो. क्लच सुटताच थरथर गेली, म्हणजे दुखणं त्या क्लचपाशी होतं. चाकं आणि माउंटिंगवरचा खर्च फुकट गेला होता.

आधी काय घडलं होतं

"पेटीचं काही काम झालंय का इतक्यात?" असं विचारल्यावर आबा थोडे थांबले. मग सांगितलं. मार्चअखेर बागेच्या वाटेवर दगड पुढच्या खालच्या भागाला लागला होता. दोन दिवसांनी शेडच्या फरशीवर लाल डाग दिसायला लागले. पेटीचं तेल गार करायला पुढे कूलर असतो, त्याच्या होसचं क्लिप ढिलं होऊन तिथून तेल झिरपत होतं. तिसऱ्या दिवशी गाडी चढाला लागली की आधी इंजिन ओरडायचं आणि मग गाडी पुढे सरकायची. तेल बरंच गेलं होतं.

गावाजवळच्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली. त्या मिस्त्रीने गळती बरोबर शोधली, क्लिप बदललं, होसचं खराब टोक कापून पुन्हा नीट बसवलं. ते काम मी नंतर पाहिलं, चोख होतं. मग कमी झालेलं तेल भरायचा प्रश्न आला. गळालेलं तेल लाल, दुकानात लाल तेल उपलब्ध. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या पॉवर स्टेअरिंगमध्ये जातं तेच. आमच्याकडे त्याला कुणी टीक्यू ऑइल म्हणतं, कुणी नुसतंच लाल ऑइल. त्याने एकेक लिटरचे दोन डबे पिचकारीने पेटीत भरले. डब्यावर डेक्स्रॉन-३ असं लिहिलं होतं. एक रिकामा डबा आबांनी जपून ठेवला होता. ते त्यांनी फार बरं केलं, नाहीतर आत काय गेलंय याचा मला अंदाजच बांधत बसावा लागला असता.

डबा माझ्या हातात देत आबा म्हणाले, "लालच हाय की ओ, मग बिघडलं कुठं?"

या प्रश्नाला नीट उत्तर देणं मला गरजेचं वाटलं, कारण त्या मिस्त्रीचा समजही तोच होता आणि तो काही अडाणीपणाचा नव्हता.

लाल रंग आणि डब्यावरचं नाव

लाल रंग ही नुसती रंगवणी आहे. गाडीखाली डाग दिसला तर तो इंजिनच्या तेलाचा की पेटीच्या, हे कळावं म्हणून पूर्वी तो घालायला लागले. त्यावरून तेलाच्या गुणाबद्दल काहीच कळत नाही.

मिस्त्रीची सवय मात्र एका काळी बरोबर होती. १९९० च्या दशकात डेक्स्रॉन-३ हे तेल अमेरिकी आणि बऱ्याच आशियाई ऑटोमॅटिक पेट्यांना चालून जायचं. एका डब्यावर अर्धा बाजार निभायचा. मग कंपन्यांनी डिझेल-पेट्रोल वाचवण्यासाठी पेट्यांची रचना बदलली आणि तेलं पातळ केली. जनरल मोटर्सने २००५ मध्ये डेक्स्रॉन-६ आणलं आणि २००६ च्या अखेरीस डेक्स्रॉन-३ चे परवाने देणं बंद केलं. म्हणजे आज बाजारात डब्यावर डेक्स्रॉन-३ दिसलं तर ते विकणाऱ्याचं म्हणणं असतं. ते तपासून शिक्का देणारं मागे कुणी नाही. फोर्डनेही आपल्या मर्कॉन या तेलाचे परवाने २००७ मध्ये थांबवले. टोयोटाने आधीच्या टी-४ तेलाच्या जागी डब्ल्यूएस आणलं. हायलक्सच्या पुस्तिकेत तेच नाव आहे : एटीएफ डब्ल्यूएस. एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक पेटीचं तेल.

दोन्हींत फरक किती? १०० अंश सेल्सिअसला डेक्स्रॉन-३ चा दाटपणा साधारण साडेसात सेंटिस्टोक (हे दाटपणा मोजायचं एकक), डब्ल्यूएसचा साडेपाचच्या आसपास. पेटीतले व्हॉल्व, बारीक छिद्रं, क्लचमध्ये तेल भरायला लागणारा वेळ, सगळं त्या पातळ तेलावर बेतलेलं असतं.

पण थरथरीचं मुख्य कारण माझ्या मते दाटपणा नव्हता. ते घर्षण जुळवणाऱ्या रसायनांत होतं. लॉकअपचा क्लच नेहमीच पूर्ण जखडलेला नसतो. आजच्या पेट्यांत संगणक त्याला मुद्दाम किंचित घसरता ठेवतो, म्हणजे इंजिनचे धक्के आत जाणवत नाहीत. या घसरणीत तेलाचं एक काम फार नाजूक असतं : घसरण वाढली की घर्षण थोडं वाढलं पाहिजे, कमी व्हायला नको. उलट झालं की क्लच धरतो, सुटतो, पुन्हा धरतो, सेकंदात कित्येकदा. फळ्यावर खडू एका विशिष्ट कोनात धरला की रेघ न उमटता टकटक ठिपके पडतात, तसंच. ते ठिपके म्हणजे आबांची थरथर.

ही रसायनं किती महत्त्वाची, याचं एक उदाहरण मी नव्या पोरांना नेहमी सांगतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या कामासाठी ऑटोमॅटिकच्या तेलात स्पर्म व्हेलचं तेल घालत. व्हेल वाचवण्यासाठी त्यावर बंदी आली. बंदी योग्यच होती. पण तितकंच चांगलं दुसरं रसायन हाती यायला वेळ लागला आणि मधल्या काळात तिथे पेट्या बिघडण्याचं प्रमाण वाढलं. पंप, गिअर, क्लच सगळे तेच होते. तेलातला एक घटक तेवढा बदलला होता.

तपासणी

गाडी रॅम्पवर घेतली. या पेटीला तेल मोजायची पट्टी नाही. खाली चेंबरला, म्हणजे पेटीच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याला, एक पातळीचा बोल्ट असतो. इंजिन चालू ठेवून, तेल चाळीस अंशांच्या आसपास असताना तो काढायचा. धार येऊन थेंबांवर आली की पातळी बरोबर. मी बोल्ट काढला आणि जवळजवळ एक लिटर तेल बाहेर आलं, वर बारीक फेस. म्हणजे गळालं होतं त्यापेक्षा जास्त तेल भरलं गेलं होतं. बाजूच्या तोंडातून तेल बाहेर येईपर्यंत भरायचं, ही मॅन्युअल पेटीची पद्धत त्या मिस्त्रीने इथे वापरली असणार. जादा तेल फिरत्या भागांना लागलं की घुसळतं, हवा मिसळते, आणि फेसाळ तेलाने क्लचवर दाब नीट येत नाही.

इथे मला दोन दोष एकत्र सापडले होते : चुकीचं तेल आणि चुकीची पातळी. थरथर कोणामुळे? याकडे पुढे परत येतो.

चेंबर उतरवलं. हा माझ्यासाठी खरा निर्णयाचा क्षण होता, कारण पेटीच जळालेली असेल तर कुठलंही तेल निवडून उपयोग नव्हता. चेंबरमधल्या चुंबकांवर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप होता. लाखभर किलोमीटरला तो असतोच. चकाकणारे तुकडे किंवा काळी क्लचची भुकटी नव्हती. तेल गडद झालं होतं, पण वास करपट नव्हता. पांढऱ्या कागदावर टाकलेला थेंब पसरला, मधे काळा गठ्ठा राहिला नाही. स्कॅनरवर पेटीचा एकही दोष नोंदलेला नव्हता. मी आबांना सांगितलं की पेटी वाचण्यासारखी आहे, पण लॉकअपच्या क्लचचा पृष्ठभाग किती तापलाय हे बाहेरून कळणार नाही. त्याची खात्री मी देऊ शकत नाही.

पर्याय

पहिला पर्याय आबांनीच मांडला : पातळी दुरुस्त झालीच आहे, आता गाडी चालवून बघू. खर्च शून्य. पण आत गेलेलं डेक्स्रॉन तिथेच राहणार होतं. माझ्या हिशेबाने ते एकूण तेलाच्या पाव हिश्शाच्या आसपास असावं. थरथर सुरू असलेला क्लच रोज थोडा थोडा झिजतो आणि झिजलेला पृष्ठभाग नंतर कोणत्याही तेलाने भरून येत नाही.

दुसरा पर्याय मशीनने संपूर्ण तेल बदलण्याचा. कूलरच्या पाइपला यंत्र जोडून जुनं बाहेर, नवं आत. एका दिवसात काम. माझ्याकडे यंत्र आहे, पण या पेटीच्या कूलरचे जोड बसतील असे ॲडाप्टर त्या वेळी नव्हते. आणि जो होस आत्ताच कापून बसवलाय, त्याच्यावर लगेच यंत्राचा दाब देणं मला पटलं नाही. काही जण म्हणतात की जुन्या पेटीत मशीनने तेल बदललं की पेटी जाते. मी ते मानत नाही. आधीच घसरणाऱ्या पेटीत शेवटचा उपाय म्हणून नवं तेल घालतात, ती पुढे जातेच आणि दोष तेलावर येतो. इथे अडचण फक्त ॲडाप्टरची आणि त्या होसची होती.

तिसरा, थोडं थोडं बदलण्याचा. चेंबरमधून सोडलं की एकूण तेलाचा साधारण तिसरा हिस्सा निघतो. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये, कूलरमध्ये आणि आतल्या वाटांमध्ये अडकून राहतं. मी फळ्यावर हिशेब मांडून दाखवला : आत २५ टक्के चुकीचं तेल असेल तर पहिल्या बदलानंतर १७, दुसऱ्यानंतर ११, तिसऱ्यानंतर ७. प्रत्येक वेळी मधे गाडी चालवायची, म्हणजे आतलं-बाहेरचं मिसळतं. यात तेल जास्त लागतं आणि ग्राहकाला तीन खेपा पडतात. हंगामात आबांना तीन खेपा म्हणजे तीन अर्धे दिवस.

मग राहिला डब्याचा प्रश्न. मूळ डब्ल्यूएस घ्यायचं, की दुसऱ्या चांगल्या कंपनीचं अनेक गाड्यांना चालणारं पातळ एटीएफ? ते स्वस्त पडतं. माझं मत इथे सरळ सांगतो. डब्याच्या मागच्या बाजूला डब्ल्यूएस आणि त्या तेलाच्या प्रतीचा क्रमांक जेडब्ल्यूएस ३३२४ हे दोन्ही स्पष्ट लिहिलेलं, नावाजलेल्या कंपनीचं तेल मी इतर गाड्यांत वापरलंय आणि त्या नीट चालतात. (जेडब्ल्यूएस ३३०९ हा आकडा जुन्या टी-४ चा. दोन्ही आकडे एकाच डब्यावर दिसले तर मी तो डबा परत ठेवतो. एकच तेल दाट आणि पातळ दोन्ही कसं असेल?) पण आबांच्या गाडीत आधीच एक मिश्रण होतं. त्यात तिसरी पाककृती घातली असती आणि थरथर राहिली असती, तर ती जुन्या डेक्स्रॉनमुळे, नव्या तेलामुळे की क्लचच्या इजेमुळे, हे मला कधीच कळलं नसतं.

तेलात मिसळायची बाटली, जी थरथर घालवते म्हणतात, तिचा विचार मी या गाडीसाठी केला नाही. तिने क्वचित फरक पडतो हे खरं. पण ज्या गाडीत नको ते मिसळल्यामुळे दुखणं आलं, तिथे आणखी एक मिसळण्याला मी तयार नव्हतो.

निर्णय

मूळ डब्ल्यूएस, तीन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात चेंबर, गाळणी आणि गॅस्केटसह. दुसऱ्यानंतर थरथर पूर्ण गेली तर तिसरा टाळायचा का, हे तेव्हा ठरवायचं.

आबांना खर्च जास्त वाटला आणि ते त्यांनी लपवलं नाही. "स्टेअरिंगच्या तेलाच्या दुपटीनं-तिपटीनं पैसं, आणि त्ये बी तीन बारी." मी त्यांना पेटी उतरवून कन्व्हर्टर बदलायचा अंदाज कागदावर लिहून दिला. दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावर ते म्हणाले, "चला, घाला."

तेल अधिकृत विक्रेत्याच्या स्पेअर पार्टच्या खिडकीवरून, बिल घेऊन आणलं. इंजिन ऑइलचे बनावट डबे बाजारात येतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. एटीएफचेही येतात, आणि ते ओळखणं आणखी अवघड, कारण तेल घालून महिना गेल्याशिवाय काहीच कळत नाही.

काम

पहिला टप्पा. चेंबर धुतलं, चुंबक पुसले, नवी गाळणी, नवं गॅस्केट. बाहेर निघालेलं तेल मी मोजपात्रात घेतो आणि तेवढंच आत घालतो. ही सवय कामी आली, कारण पातळी बघताना माझी चूक झाली.

दुपारचे दोन वाजले होते. एप्रिलमध्ये आमच्या शेडमध्ये त्या वेळी हवाच चाळिशीला टेकलेली. इंजिन सुरू करून, लिव्हर सगळ्या खुणांवरून फिरवून, स्कॅनरवर तापमान बघेपर्यंत ते ५८ अंशांवर गेलं होतं. पातळीसाठी चाळिशीच्या आसपासचं तेल पाहिजे. गरम तेल फुगतं, म्हणून त्या तापमानाला बोल्ट काढला की जास्त तेल बाहेर पडतं आणि गार झाल्यावर पातळी कमी राहते. पेटीतल्या एवढ्या तेलाला दर दहा अंशांमागे साधारण सत्तर-ऐंशी मिलिलीटरचा फरक पडतो. एकट्याने त्यात पेटी जाणार नाही. पण ज्या गाडीत पातळीचाच संशय आहे, तिथे अंदाजे काम करण्यात अर्थ नव्हता. आबांना मुक्कामाला थांबवलं. गाडी रात्रभर उघड्यावर ठेवली. सकाळी सहाला स्कॅनरने पेटीचं तेल २७ अंश दाखवलं. मग सावकाश तापू दिलं आणि चाळीसला बोल्ट काढला. काहीच बाहेर आलं नाही. दीडशे मिली घातल्यावर थेंब सुरू झाले.

उन्हाळ्यात, विदर्भ-मराठवाड्यात तर विशेष, हे काम पहाटेच करावं लागेल. पुस्तिकांमध्ये तापमानाचा आकडा दिलेला असतो, पण हवाच त्या आकड्याला पोचलेली असेल तर काय, ते कुणी लिहीत नाही.

त्यानंतर स्कॅनरने पेटीच्या संगणकाची शिकलेली मापं पुसली. हा संगणक क्लचमध्ये तेल किती वेळात भरतं ते पाहून दाब जुळवत राहतो. महिनाभर त्याने दाट, फेसाळ मिश्रणावर बेतून मापं शिकली होती. ती तशीच ठेवली असती तर नव्या तेलावर गिअर झटक्याने पडले असते.

दुसरा टप्पा पाचशे किलोमीटरनंतर, तिसरा त्यापुढे हजारभर किलोमीटरवर. दोन्ही वेळा आबा आदल्या संध्याकाळीच गाडी सोडून जायचे आणि मी उजाडताना पातळी घ्यायचो.

परिणाम

पहिल्या बदलानंतर थरथर निम्म्याहून कमी झाली, पण गेली नाही. दुसऱ्यानंतर आबांच्या मते गेली होती. माझ्या मते नव्हती. रिकाम्या गाडीला सपाट रस्त्यावर काही जाणवत नव्हतं, पण पाठीमागे बेदाण्याचे बॉक्स भरून अंबा घाट चढताना, पाचव्या गिअरमध्ये, एका ठरावीक पायावर ती अर्धा सेकंद डोकवायची. स्कॅनरवर इंजिनचे फेरे त्या क्षणी हलताना दिसत होते. म्हणून तिसरा बदल केला. त्यानंतर त्याच घाटात, तेवढ्याच ओझ्याने आम्ही दोघं पुन्हा गेलो. पेटीचं तापमान नव्वदच्या पुढे गेलं, थरथर आली नाही.

सप्टेंबरमध्ये गाडी पुन्हा पाहिली. कामानंतर साडेनऊ हजार किलोमीटर झाले होते. होस कोरडा, पातळी बरोबर, तेल स्वच्छ लाल. एक गोष्ट मात्र राहिली आहे. सकाळच्या गारव्यात पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये लॉकअप लागताना हलकासा धक्का जाणवतो. तो आधीपासून होता की मार्च-एप्रिलमधल्या झिजेचा आहे, हे मी सांगू शकत नाही. आबांना तशी लेखी नोंद दिली आहे.

पुन्हा अशी गाडी आली तर

पहिल्याच दिवशी पातळी दुरुस्त केल्यावर मी लगेच चेंबर उतरवलं. आधी तेच तेल ठेवून, योग्य पातळीवर दहा किलोमीटरची फेरी मारायला हवी होती. त्या एका तासात मला कळलं असतं की थरथरीत फेसाचा वाटा किती आणि तेलाच्या जातीचा किती. पहिल्या बदलानंतर जो निम्मा फरक पडला, तो कशाचा, हे आज मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. थरथर रसायनांमुळे होती हे माझं मत दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातल्या सुधारणेवर उभं आहे, कारण तेव्हा पातळी आधीपासून बरोबर होती.

बाहेर निघालेल्या मिश्रणाचा नमुना बाटलीत घालून प्रयोगशाळेत द्यायला हवा होता. दाटपणाचा एक आकडा हाती आला असता तर माझा पाव हिश्शाचा अंदाज तपासता आला असता. तेव्हा ते सुचलंच नाही.

मशीनचे ॲडाप्टर मी त्यानंतर मागवून घेतले आहेत. होस जुना, शाबूत असेल तर पुढच्या वेळी एका दिवसात काम करेन आणि ग्राहकाच्या दोन खेपा वाचवेन.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र मार्चमधल्या त्या गॅरेजपाशी आहे. तिथे त्या मिस्त्रीने काय करायला हवं होतं? गाडीत तेल कमी, गिअर घसरताहेत, डब्ल्यूएस सत्तर किलोमीटर लांब. कमी तेलावर गाडी चालवणं चुकीचं तेल घालण्यापेक्षाही वाईट, कारण क्लच काही किलोमीटरमध्ये जळू शकतात. म्हणून मी त्याला दोष देत नाही. पण तिसरी वाट होती. गळती बंद करून गाडी तिथेच उभी ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी एसटीने डबे मागवायचे. किंवा चारही चाकं वर घेणाऱ्या सपाट गाडीवर घालून पाठवायची. दोरीने ओढत मात्र नाही. इंजिन बंद असताना या पेटीचा पंप फिरत नाही, चाकं फिरली की आतले भाग तेलावाचून फिरतात. बेदाण्याच्या हंगामात गाडी एक दिवस उभी ठेवणं आबांना जड गेलं असतं, हे मला मान्य आहे. पण पुढे त्यांचे किती दिवस गेले, ते वर आलंच आहे.

एवढं होऊनही घालायची वेळ आलीच असती तर? डेक्स्रॉन-६ सारखं पातळ तेल, अगदी थोडं, गाडी जवळच्या ठिकाणी पोचण्यापुरतं, आणि डब्यावर तारीख टाकून तो गाडीतच ठेवायचा. नंतर सगळं तेल बदलायचं हे त्याच दिवशी ठरवून. मी हे तोंडी सांगतो, कुणाला लिहून देत नाही. पण रस्त्यात अडकलेला माणूस फोन करतो तेव्हा "काहीच घालू नका" एवढंच सांगून फोन ठेवणं मला जमत नाही.

मे महिन्यात मी त्या मिस्त्रीकडे जाऊन आलो. आबांनीच नेलं. त्याच्या भिंतीवर आता मी दिलेला एक कागद आहे, त्या तालुक्यात फिरणाऱ्या सात ऑटोमॅटिक गाड्यांचा : गाडी, पेटीला पट्टी आहे की नाही, पुस्तिकेतलं तेलाचं नाव, पातळी किती अंशांना बघायची, आणि तेल कुठे मिळेल. सातपैकी एकीला पॉवर स्टेअरिंगचं तेल चालतं. ती १९९० च्या दशकातली आहे. आबांच्या हायलक्सच्या मागच्या सीटखाली डब्ल्यूएसचा एक सीलबंद डबा असतो आणि त्यावर त्यांनी स्वतः ऑइलपेंटने लिहिलंय : "गिअरचं."